मोज्यांचे चेंडू

माझी धाकटी बहीण लाँड्रीत इस्त्री करते. दिवसभर वाफेत उभं राहून तिच्या पायांचे तुकडे पडतात, तरी संध्याकाळी मागच्या आवारात मुलींना सॉफ्टबॉल शिकवायला बाई हजर. कुणी न्यायला न आलेल्या मोज्यांचे गोळे करून ती सटासट फेकते आणि मुली झाडूच्या दांड्याने ते टोलवतात. धोशा एकच: "लांब मारायचा हव्यास नको. लागू दे नुसता. हुकवायचा नाही!" माझे तर कान किटले. तरुणपणी ऐन सामन्यात तिचे तीन चेंडू हुकले आणि तिला संघातून काढलं. ते तिच्या डोक्यातून गेलंच नाही.

माझी मुलगी तिची लाडकी भाची. आत्याने कसाही फेकला तरी पोरीचा हुकायचा नाही. निवडीच्या सामन्यात चमकली असती तर क्रीडा वसतिगृहात जागा मिळाली असती, शिक्षणाचीही सोय झाली असती. नाहीतर पुढे इस्त्रीच, दुसरं काय?

शेवटचा डाव. बरोबरी. तिन्ही बेसवर आमच्या मुली, दोन बाद, आणि बॅट आमच्या पोरीच्या हातात. समोरची चेंडू फेकणारी, पिचर, पार बिथरलेली. तिचे तीन चेंडू बाहेर गेले. चौथाही गेला की पोरीला फुकट पहिला बेस, तिसऱ्या बेसवरची मुलगी आपोआप होमवर, म्हणजे एक धाव आणि सामना खिशात. नुसतं उभं राहायचं होतं हो!

चौथा चेंडू अंगापासून हातभर लांबून आला. "सोड!" बहीण किंचाळली. पण सोडायला तिने शिकवलं होतं कधी? पोर वाकली, एका हाताने बॅट लांबवली आणि लावलीच. चेंडू अलगद पिचरच्या हातात गेला. झेल, तिसरी बाद, डाव संपला. जादा डावात आम्ही हरलो.

पोर धावत आली. "आत्या, हुकला नाही ना?"

"नाही गं बाळा. लागला."

चांगलं फैलावर घ्यायचं होतं मला बहिणीला. तिचा चेहरा बघितला आणि पोरीची बॅट उचलून चालू लागलो. चेंडू पारखता येत नाही म्हणून निवडणाऱ्यांनी पोरीला घेतलं नाही.

हल्ली आत्या नवं शिकवते. "जवळचा मार, लांबचा सोड. सोपं आहे." पोर दांडा धरून उभी राहते. मोजा अगदी पोटासमोरून येतो.

"मारू की सोडू, आत्या?" ती विचारते, तोवर तो भिंतीवर आपटून खाली पडलेला असतो.