चुकीचं बटण दाबणारे साडू

चुकीच्या उत्तरावर आमच्या मोठ्या साडूंइतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या बुऱ्हाणपुरात सापडायचा नाही. ते कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. कुणा विद्यार्थ्याने काळ्या स्क्रीनवरचा मेनू करून दाखवला आणि ‘एक ते चारमधला आकडा दाबा’ असं आलं, की साडू आकडे सोडून सगळं दाबतात. कधी एखादं अक्षर, कधी नुसतं एंटर, शेवटी कीबोर्डवर अख्खा तळवा. प्रोग्राम बंद पडला की म्हणतात, “माणूस चुकणारच. तू त्याला पुन्हा का नाही विचारलंस?” ही खोड घराबाहेरही सुटत नाही. शनवारा चौकात जिलेबीवाल्याने “पाव किलो की आधा?” असं विचारलं, तर हे गंभीरपणे म्हणाले, “बुधवार.” मी शरमेने रस्त्याकडे बघू लागलो. जिलेबीवाला हात न थांबवता म्हणाला, “बुधवारले भी या, भाऊसाहेब. आज पाव देऊ का आधा?” साडू इतके खूश झाले, की महिनाभर वर्गात त्याचंच उदाहरण देत होते.

आमचे सासरे साडूंकडेच राहतात. गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेला. काही हवं असलं की ते पाटीवर लिहायचे, पण हात थरथरू लागला आणि अक्षर कुणाला लागेना. मग त्यांनी मागणंच सोडलं. तहान लागली तरी कुणी विचारेपर्यंत गप्प बसून राहायचे. बहादरपूरच्या केळीच्या बागेत दिवसभर हाका मारत हिंडलेला माणूस तसा बसलेला बघवत नसे.

साडूंनी जुन्या लॅपटॉपवर मोठ्या अक्षरांत मेनू केला. एक पाणी, दोन चहा, तीन खिडकी उघडा. बटण दाबलं की साडूंच्याच आवाजात घरभर ऐकू जाई. पहिल्या दिवशी थरथरत्या बोटाने दोनचा आकडा सात वेळा दाबला गेला आणि सात चहांची घोषणा झाली. सासऱ्यांनी लॅपटॉप मिटून बाजूला सारला. साडू म्हणाले, “मामा, चूक तुमची नाही, माझी आहे.” पंधरा दिवस ते त्या बोटाकडे बघत बसले. आता पहिल्यांदा दाबलेलं तेवढं धरलं जातं, पुढची थरथर प्रोग्राम सोडून देतो.

परवा गेलो तेव्हा सासऱ्यांनी ऐटीत चहा मागवला. मग नऊ दाबला. नऊ मेनूत नव्हताच. “समजलं नाही मामा, पुन्हा सांगा,” लॅपटॉप म्हणाला. त्यांनी पुन्हा नऊच दाबला.

“बोट चुकतंय का?” मी विचारलं.

“नाही हो,” साडू म्हणाले. “काही नको असलं की ते नऊ दाबतात. मी येऊन बसावं म्हणून.”

“मग मेनूत घाला की.”

“कशाला? मला समजतं ना.”

आणि तपासायचे पेपर तसेच ठेवून ते सासऱ्यांजवळ जाऊन बसले. मला त्या दोघांचा हेवा वाटला. माझा आवाज शाबूत आहे, पण काही काम नसताना ‘जरा बसा’ असं मी कुणाला म्हटल्याचं आठवत नाही.