माझा गळा दाबणारा पैलवान

अकरा वर्षं त्याने रंगमंचावर माझा गळा दाबला, पण मानेवर कधी ओरखडा उठला नाही. आम्ही त्याला पैलवान म्हणायचो. सकाळी लोहाराकडे घण मारायचा, दुपारी आमच्या नाटकात खून करायचा. इतका काटेकोर, की प्रयोगाआधी नखं कापून मला दाखवायचा. मी त्याच्या मनगटावर दोनदा थाप दिली की त्याने पकड सोडायची, असं ठरलेलं होतं.

फ्लूच्या साथीत तो आडवा झाला. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि पाचव्या दिवशी स्वारी हजर. "घाम आला, ताप गेला. बरा आहे, बाई." विंगेत उभ्याउभ्याच त्याला धाप लागत होती. पण चेहऱ्यावर रंगाचा थर चढल्यावर आजारपण दिसतं कुठे?

तिसऱ्या अंकात त्याचे हात मानेला लागले तेव्हा चटकाच बसला. बोटं खरोखर रुतली. मी दोनदा थाप दिली, मग चारदा. शेवटी नखांनी त्याचं मनगट फाडलं. तो भलत्याच नाटकातले संवाद बरळत होता आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत होते.

पडदा पाडून चौघांनी त्याला बाजूला ओढलं. मॅनेजरने दोन कानफटात लगावल्या, वर पोटात लाथ घातली. "ढोसून आलास?"

पैलवानाने हातही उचलला नाही. नुसता खोकला. थुंकीत रक्त होतं.

रंगभूषा करणाऱ्या आजोबांनी फडक्याने त्याचे ओठ पुसले. लाल रंग निघाला, खाली ओठ निळे. "दारू नाही ही. दवाखान्यात न्या आधी." मॅनेजरनेच त्याला पाठीवर घेतलं.

डॉक्टरीणबाई आमच्यावर उखडल्या. "उतरलेला ताप पुन्हा चढला, दम लागला, माणूस बरळायला लागला, की थेट इथे आणायचं. फ्लू याच्या फुप्फुसात उतरलाय. संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर गेला असता."

तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला. माझ्या मानेवरचे काळेनिळे वळ पाहून उठायला धडपडला.

"बाई, कोणी केलं हे? नाव सांगा. हात मोडतो त्याचे."

"सांगते. आधी धाप न लागता माझ्या घराच्या पायऱ्या चढून दाखव."

त्याला दीड महिना लागला. मग मी सांगितलं. पैलवान शेवटच्या पायरीवर बसला आणि कितीतरी वेळ दोन्ही हात मांड्यांखाली दाबून राहिला.