पूर्वेचा म्हणजे कुठला

वारा जिकडून येतो त्या दिशेचं नाव त्याला देतात. पूर्वेकडून आला तर पूर्वेचा, मग पुढे तो कुठेही जाऊ दे. अंबरनाथच्या ज्या रसायनांच्या कारखान्यात मी प्रशासन आणि सुरक्षा बघते, तिथे नवीन माणूस आला की हे वाक्य मी त्याच्याकडून पहिल्याच दिवशी वदवून घेते. वायू गळला तर कुठल्या बाजूला पळायचं, हे त्यावरच ठरतं. छपरावर पट्ट्यांची कापडी पिशवी लावलेली आहे. तिचं रुंद तोंड वाऱ्याकडे असतं आणि निमुळती शेपटी वारा जातो तिकडे. जितके पट्टे ताठ, तितका वेग जास्त. कागदोपत्री तिला विंडसॉक म्हणतात, कामगार लेंगा म्हणतात. ‘मॅडम, आज लेंगा पार ताठ!’ ही बातमी मला गेटवरच मिळते.

गेल्या थंडीत हे ज्ञान मी घरी नेलं.

आम्ही बदलापूरला शिरगावात राहतो. मागच्या खिडक्यांच्या दिशेला, म्हणजे उगवतीकडे, बऱ्याच अंतरावर कारखाने आहेत. थंडीत सकाळी, ऊन चढेपर्यंत, तिकडून कधीकधी उग्र वास येतो. सासूबाईंना दमा आहे आणि दिवसभर घरी त्या एकट्याच असतात. नणंदेचं म्हणणं, आईला गावी माझ्याकडे पाठवा. सासूबाईंना जायचं नव्हतं. ‘लेकीकडे मी पाहुणी,’ त्या म्हणायच्या, ‘इथे चहात साखर किती ते मी ठरवते.’

मी पद्धत लावून दिली. वास आपल्याकडे येणार असेल तर मागच्या खिडक्या बंद, नाहीतर उघड्या. वारा कुठला ते मी कामावर पोचले की फोन करून सांगणार.

‘आई, आज पूर्वेचा आहे.’

‘हो का? बरं झालं बाई.’

बरं झालं म्हणजे कळलं, असं मी धरलं. काम संपलं.

थोड्याच दिवसांत शेजारणीचा फोन आला. सासूबाईंना धाप लागली होती. मी पोचले तेव्हा शेजारणीने वाफेचं मशीन लावून दिलं होतं आणि श्वास जागेवर येत होता. मागच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या. घरभर वास.

त्या बोलण्याइतक्या सावरल्यावर मी विचारलं, ‘सकाळी फोन केला होता ना मी?’

‘केलास की. पूर्वेचा म्हणालीस, म्हणून तर उघडल्या.’

‘पूर्वेचा म्हणजे बंद करायच्या, आई.’

‘का? पूर्वेचा म्हणजे आपलाच ना? पूर्वेची रिक्षा, पूर्वेचा बाजार, तसा पूर्वेचा वारा. पश्चिमेचा म्हणालीस की मी लावून घ्यायचे. म्हटलं, पुलापलीकडून काय काय घेऊन येत असेल कोण जाणे.’

आमच्या गावांत पूर्व-पश्चिम म्हणजे रेल्वेच्या रुळांची अलीकडची आणि पलीकडची बाजू. सूर्याचा त्याच्याशी संबंध नाही. मी स्वतः रिक्षावाल्याला ‘पूर्वेला’ म्हणते तेव्हा माझ्याही मनात दिशा नसते, पत्ता असतो. कारखान्यातला शब्द मी घरात आणला होता, तिथला अर्थ मात्र तिथेच राहिला होता.

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. ‘वहिनी, आता पुरे. रविवारी येते. आईची बॅग भरून ठेव.’

सासूबाई शेजारीच होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दिशेचं नाव टाकून द्यायचं, हे मी त्या रात्रीच ठरवलं. जे नजरेला दिसतं ते कशाला सांगायचं? नवऱ्याच्या जुन्या लेंग्याचा एक पाय कापला, तोंडाशी तारेचं कडं शिवलं. गॅलरीत टांगून उपयोग नव्हता, इमारतींमध्ये वारा वळतो. सोसायटीच्या ऑफिसचं छप्पर बसकं आणि मोकळ्यावर आहे, आमच्या स्वयंपाकघरातून स्वच्छ दिसतं. तिथल्या दिव्याच्या खांबासाठी सेक्रेटरींची परवानगी मागितली.

‘वहिनी, लेंगा? लोक हसतील हो.’

‘हसू देत. वास आला की तेच बघून खिडक्या लावतील.’

सासूबाईंना एकच गोष्ट शिकवली. लेंग्याचा पाय स्टेशनकडे, म्हणजे कारखान्यांच्या उलट बाजूला असेल, तर वारा कारखान्यांकडून येतोय. खिडक्या बंद.

रविवारी नणंद सकाळीच आली. सासूबाई ओट्याशी चहा करत होत्या. बाहेर बघता बघता त्यांनी गॅस बारीक केला, आत जाऊन मागच्या खिडक्या लावल्या, कड्या घातल्या. थोड्या वेळाने जिन्यात वास आला. दार उघडलं तेव्हा तो आम्हा तिघींनाही जाणवला. घरात नव्हता.

‘आई, बॅग कुठे आहे?’ नणंदेने विचारलं, पण आवाज आधीच उतरला होता.

‘कपाटावर. काढायची तर स्टूल घे.’

नणंद खिडकीशी गेली. ‘ते काय लोंबतंय?’

‘तुझ्या भावाचा लेंगा. पाय स्टेशनकडे आहे, बघ.’

‘म्हणजे पूर्वेचा वारा.’

‘ते मला सांगू नकोस,’ सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःला हवी तेवढी साखर घालून चहा गाळायला लागल्या.