ताईचा हात आणि खटपट्याच्या डब्या

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार. त्या दिवशी खटपट्यानं नऊ हजार चारशे पन्नास रुपये रोख मोजून एका बंद पडलेल्या स्टुडिओतून जुना की-बोर्ड उचलला आणि चादरीत गुंडाळून, तान्हं मूल आणावं तसा छातीशी धरून घरी आणला. बायकोनं दार उघडलं, गाठोड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे बोलतं, की नुसतंच जागा अडवतं?"

"याला स्वतःचा आवाज नसतो. कॉम्प्युटरला जोडला की बोलतो."

"म्हणजे नऊ हजार देऊन तुम्ही मुकं वाद्य आणलंत."

"नऊ हजार चारशे पन्नास," खटपट्या म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमत नसे. गोष्ट सांगायची राहून जाणं मात्र त्याला फार चांगलं जमे, आणि पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

त्याचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. गल्लीत तो खटपट्या. झेरॉक्सच्या दुकानामागे एका खोलीचा त्याचा रेकॉर्डिंगचा धंदा होता. चपलांच्या सेलची जाहिरात, दवाखान्याच्या फोनवरचं "कृपया थांबा", नाटकाला लागणारा दारावरच्या थापेचा आवाज, असली कामं. पण हातातली वस्तू आहे तशी सोडून देणं त्याच्या रक्तात नव्हतं. घराची साधी बेल त्यानं अशी काही दुरुस्त केली, की बटण दाबल्यावर ती गाण्याची एक अख्खी ओळ वाजवायची आणि ती संपेपर्यंत आलेला माणूस जिना उतरायला लागलेला असायचा.

की-बोर्ड आणला होता तो ताईसाठी.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. पलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. तिनं लग्न केलं नाही, पियानो शिकवला. बाहेरच्या खोलीत निम्म्या वस्तीची मुलं येऊन बोटं आपटून गेली. शिस्त अशी, की सूर चुकला तर ती रागवायची नाही, नुसतं म्हणायची, "परत घे." बरोबर येईपर्यंत परत घे. पण दोन वर्षांपूर्वी तिचे हात थरथरायला लागले. मांडीवर ठेवले की शांत, काही करायला उचलले की थरथर. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, गोळीनं थोडं कमी होईल, पूर्ण जाणार नाही. ताईनं एका महिन्यात वर्ग बंद केला. पियानोचं झाकण लावलं आणि त्यावर इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा ढीग ठेवायला लागली. खटपट्याला तो ढीग बघवत नसे.

त्यात तिची एक जुनी विद्यार्थिनी, जी आता दातांची डॉक्टरीण होती, निमंत्रण घेऊन आली. जुन्या विद्यार्थ्यांनी ऑक्टोबरमधल्या एका रविवारी एकत्र जमायचं ठरवलं होतं. "बाई, तुम्ही ती तुमची धून वाजवायचीच," ती म्हणाली. ती धून ताईनं स्वतः बसवलेली होती आणि प्रत्येक मुलाला ती आल्याशिवाय वर्गातून सुटका नसे.

ताई तिला म्हणाली, "बघू." ती गेल्यावर भावाला म्हणाली, "पाणी पिताना माझा पेला दातांवर वाजतो, आणि हिला धून पाहिजे."

 दुसऱ्या दिवसापासून खटपट्यानं त्या बंद स्टुडिओवाल्याकडे खेपा सुरू केल्या.

आता त्यानं काय केलं ते सांगायला हवं. या की-बोर्डची पट्टी दाबली, की त्यातून आवाज निघत नाही, एक निरोप निघतो. कोणती पट्टी, किती जोरात, कधी सोडली, इतकाच. याला मिडी म्हणतात. निरोप कॉम्प्युटरमधल्या वाद्यापर्यंत पोचला की सूर वाजतो. पण निरोपाच्या वाटेवर मधेच आपली माणसं बसवता येतात आणि ती निरोप बदलून पुढे धाडतात. ते मिडी इफेक्ट. पडद्यावर ते एकापुढे एक ठेवलेल्या डब्यांसारखे दिसतात, म्हणून खटपट्या त्यांना डब्याच म्हणे. एक डबी एका सुराचे तीन करते. एक त्या तिघांना एकदम न सोडता एकामागून एक सोडते. एक जोर सारखा करते. आणि एक, स्केल नावाची, चुकीच्या पट्टीचा निरोप आला तर तो शेजारच्या बरोबर सुराकडे ढकलून देते. कोणती डबी आधी, कोणती नंतर, यावर सगळं अवलंबून. आधी चाळून मग दळलं काय आणि आधी दळून मग चाळलं काय, पीठ एकच येत नाही.

खटपट्यानं चार डब्या लावल्या. पहिली, एकाच पट्टीवर पटापट पडलेले ठोके गाळून एकच ठेवणारी. दुसरी जोर सारखा करणारी. तिसरी तीन सूर करणारी. आणि सगळ्यांच्या शेवटी, कुठे काही निसटू नये म्हणून, स्केल.

की-बोर्ड दुकानामागच्या खोलीत मांडून ताईला त्यानं तिथे आणून बसवलं. तिनं धून वाजवली. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, नितळ. थरथर नाही, चूक नाही. ताईनं हात मांडीवर घेतले आणि पडद्याकडे पाहिलं.

"हे कसं झालं?"

"मशीन थरथर काढून टाकतं," खटपट्या म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

त्यानंतर ती रोज दुपारी यायला लागली. मान वर करून चालायला लागली. डॉक्टरीणबाईंना फोन करून "वाजवीन" म्हणाली. पियानोवरचा कपड्यांचा ढीग खुर्चीवर गेला. खटपट्या नुसता हवेत होता. बायको नव्हती.

"अहो, ताईंना सगळं सांगितलंत ना?"

"सांगितलं की."

"ते चुका पुसणारं, ते पण?"

"त्यात काय सांगायचं? तिला आनंद झालाय ना?"

"तुम्ही ना, आजारी माणसाला पेढ्यात गोळी घालून द्याल," बायको म्हणाली आणि आत निघून गेली.

मेळाव्याला दहाएक दिवस उरले असताना, ताई वाजवत होती तेव्हा तिचा फोन वाजला. पर्स शेजारच्या स्टुलावर होती. ती घ्यायला वळली आणि तिचं कोपर धाडकन पट्ट्यांवर पडलं.

खोलीत अतिशय गोड आवाज झाला.

फोन वाजून वाजून थांबला. ताईनं आपल्या कोपराकडे पाहिलं. मग मुठीनं पट्ट्या दाबल्या. गोड. उलट्या हातानं दाबल्या. गोड. मग पर्स उचलून ठेवली की-बोर्डवर. पर्सही उत्तम वाजली.

"छान," ताई म्हणाली. "माझी पर्स माझ्यासारखीच वाजवते."

"ताई, तसं नाही..."

"कसं आहे मग?"

खटपट्यानं सांगितलं. या वेळी काही राहून गेलं नाही. ऐकताना तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"मी पंचवीस दिवस वाजवतेय," ती म्हणाली. "किती वेळा चुकले?"

"फार नाही."

"मला कळलं नाही रे. चुकले याचं काही नाही, माझा जन्म चुका ऐकण्यात गेला. मला कळलं नाही. आणि परवा मी डॉक्टरांना सांगून आले, हात सुधारतोय म्हणून. ते म्हणाले, मग गोळी कमी करून बघू. मी मान डोलावली."

 ताईनं पर्स घेतली.

"डॉक्टरीणबाईला सांग, कोपर पाठवते. मला यायला जमणार नाही."

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं आधी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला, गोळीचा घोटाळा सांगितला, आणि फोन ठेवून म्हणाली, "ते बोलतील ताईंशी. आता तुम्ही काय ते बघा."

दुसऱ्या दिवशी खटपट्यानं दुकानातलं काम बाजूला ठेवलं आणि सगळ्या डब्या बंद केल्या. या सॉफ्टवेअरमध्ये एक गोष्ट अशी, की रेकॉर्डिंग होतं ते डब्यांच्या अलीकडचं. ऐकू येतं ते नटवलेलं, पण आत जपून राहतं ते हातानं खरोखर केलेलं. पंचवीस दिवसांचा ताईचा खरा हात तिथे पडून होता आणि त्यानं तो एकदाही उघडून पाहिला नव्हता.

त्यानं ऐकलं. पहिल्यांदा ऐकवेना. जिथे एक लांब सूर हवा तिथे चार-पाच तुटके ठोके. मग तो पडद्यावर बघत बघत सावकाश ऐकायला लागला आणि त्याच्या लक्षात आलं, की ठोके पडताहेत ते त्याच पट्टीवर. अख्ख्या धुनेत चुकीच्या पट्ट्या मोजक्याच. हात घर चुकत नव्हता, दार तेवढं चार-पाच वेळा वाजवत होता. आणि ते वाजवणंही आंधळं नव्हतं. त्याला एक चाल होती, कधी दमलेली, कधी उतावळी.

मग आपण ते पुसत का होतो?

त्यानं गाळणारी डबी काढून टाकली. जोर सारखा करणारीही काढली. निरोपाला दोन वाटा केल्या. पहिल्या वाटेवर काहीच नाही: ताई जे दाबेल तेच, जसं दाबेल तसं. दुसऱ्या वाटेवर तीन सूर करणारी डबी, आणि तिच्यापुढे ते एकेक करून सोडणारी. ही डबी साधारणपणे घड्याळाच्या तालावर चालते. त्यानं तिला घड्याळावरून काढून ठोक्यांवर लावलं. पट्टीवर दुसरा ठोका पडला की वरचा सूर, तिसरा पडला की त्याच्याही वरचा, तिन्ही संपले की तेच वरच्या सप्तकात. थरथर जितकी, तितकी पायरी वर. आधी त्यानं डब्या उलट्या क्रमानं लावल्या, तर प्रत्येक ठोक्याला तिन्ही सूर एकदम, जिन्यावरून भांडी गडगडावीत तसे. क्रम बदलल्यावर ती भांडी पाण्यासारखी वाहायला लागली. स्केल त्यानं ठेवली, पण फक्त दुसऱ्या वाटेवर. भर घातलेले सूर ती सांभाळायची. ताईच्या स्वतःच्या सुराला हात लावायची तिला मुभा नव्हती.

मग की-बोर्ड आणि कॉम्प्युटर घेऊन तो दोन मजले चढला. ताईनं दार उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"तुझी बायको येऊन गेली," ती म्हणाली. "ती म्हणते, तू गाढव आहेस, पण दुष्ट नाहीस."

"बरोबर आहे तिचं."

"ये."

या वेळी त्यानं एकेक डबी उघडून दाखवली. ही काय करते, हिच्याशिवाय कसं वाजतं. पायाशी एक पेडल ठेवलं. "हे दाबलं की सगळ्या डब्या बंद. कोणाला विचारायचं नाही, मलाही नाही."

ताईनं सगळ्यांत आधी बाही सावरली आणि कोपर पट्ट्यांवर ठेवलं. असा भेसूर आवाज निघाला, की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.

"शी! घाणेरडं!" ताई म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

मग तिनं धून घेतली. हात थरथरला, आणि त्या थरथरीतून सूर वर चढत गेले, कुठे दोन, कुठे पाच, हाताला वाटेल तसे. दुसऱ्या ओळीत ती चुकली. चूक स्पष्ट ऐकू आली. ती थांबली, "परत घे," स्वतःला म्हणाली, आणि परत घेतली.

खटपट्या काही विचारणार होता. तिनं हातानंच थांबवलं.

"हे माझं आहे की नाही, ते मला अजून ठरवायचंय. घाई करू नकोस."

मेळाव्याच्या दिवशी ती गेली. माइक घेऊन आधी सांगून टाकलं, "माझे हात थरथरतात. हे मशीन ती थरथर लपवत नाही, वाजवतं. आवडलं नाही तर मला सांगा, भावाला सांगू नका, तो लगेच दुरुस्त करायला बसतो." लोक हसले. तिनं पहिली ओळ पेडल दाबून वाजवली, एकही डबी नाही. तुटकी, अडखळती ओळ.  डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. मग ताईनं पाय उचलला आणि तीच ओळ पुन्हा घेतली. तिसऱ्या ओळीत ती चुकली आणि थांबली. तेवढ्यात मागच्या रांगेतून टक्कल पडलेला एक माणूस मोठ्यानं म्हणाला, "परत घे!" अख्खा हॉल खदखदून हसला. ताईही हसली, आणि तिनं परत घेतली.

घरी येताना टॅक्सीत ती म्हणाली, "तिसऱ्या ओळीत तुझी डबी एक सूर असा घालते जो माझ्या धुनेत बसत नाही."

"स्केलप्रमाणे तो बरोबर आहे, ताई."

"तुझ्या डबीला बरोबर वाटतो. धून कुठे निघालीय ते तुलाच माहीत नाही, तर तिला कुठून कळणार? माझ्या हातात काय घालायचं ते तुला ठरवायचं असेल, तर आधी वाजवायला शिक. उद्या पाचला ये. नखं कापून ये."

दुसऱ्या दिवशी खटपट्या गेला तेव्हा पियानोचं झाकण उघडं होतं आणि कपड्यांचा ढीग जमिनीवर होता. आता तो आठवड्यातून दोनदा जातो. बोटं अजून ऐकत नाहीत. ताईच्या वर्गात तो एकटाच विद्यार्थी आहे आणि सवलत काही नाही.

नोव्हेंबरची फी, तीनशे रुपये, त्यानं अजून दिलेली नाही.