कोरड्या नळीवर चाललेलं इंजिन

आधीच सांगते — भुताखेतांच्या गोष्टी मी टाइमपास म्हणून वाचते, विश्वास शून्य. भंडाऱ्यात मेकॅनिकल शिकवते. थर्मामीटर सांगेल तेवढंच खरं मानते. म्हणून हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय...

गेल्या हिवाळ्यात सिहोऱ्याच्या एका राईस मिलमध्ये मी माझं स्टर्लिंग इंजिन तपासत होते. त्याला बाहेरून उष्णता दिली की ते फिरतं. ती पोचवतो हीट पाइप — तांब्याची बंद नळी, आत घोटभर पाणी. खालचं टोक कोंड्याच्या भट्टीत. वाफ वर जाते, इंजिनाला उष्णता देते, पाणी होऊन पुन्हा खाली येते. मिलमालकांची अट होती : पाण्याने खरंच फरक पडतो हे दाखवा, तरच मिलमध्ये बसवू. माझी तीन वर्षांची मेहनत त्या एका दुपारवर अवलंबून होती.

नळ्या घडवल्या भंडाऱ्याच्या नत्थूकाकांनी. सत्तरीचे, सगळं आयुष्य तांब्या-पितळेची भांडी करण्यात गेलेलं. एक नळी पाण्याची. दुसरी तुलनेसाठी मुद्दाम कोरडी.

पाण्याच्या नळीवर इंजिन झकास पळालं. मग कोरडी लावली. आता हे फिरणारच नाही, असं मी छातीठोकपणे सांगितलं... आणि ते फिरलं! तेवढ्याच वेगाने, चांगलं तासभर.

मालक हसले. "मंग पानी कायले भरता मॅडम? खरं काय ते लिहून आना, मंग पाहू."

माझा चेहराच पडला. काकांनी चुकून पाणी भरलं असणार! तणतणत त्यांचं दुकान गाठलं.

"पानी नाही टाकलो जी," काका म्हणाले. "पन रिकामं भांडं आमी कोनाच्या हाती देत नाही. धानाचे पाच दाने टाकलो." मग घाबरून, "माह्यानं बिघडलं का तुमचं काम?"

त्यांच्यासमोरच नळी कापली. आत ओलीचा मागमूस नाही. आगीकडच्या टोकाला पाच दाणे — पिवळेधम्मक, एकही करपलेला नाही! तिथे अडीचशे अंश मी स्वतः मोजले होते.

नंतर दाणे टाकून आणखी सहा नळ्या करून घेतल्या. इंजिन एकदाही फिरलं नाही, दाण्यांचा कोळसा झाला. तर्क पुष्कळ केले, एकही टिकत नाही.

ते पाच दाणे मी कुंडीत पेरले. चार उगवले. मालक अजून अहवाल मागताहेत. सगळे आकडे भरून झालेत. फक्त त्या नळीपुढे 'रिकामी' लिहायला हात धजत नाही.