खंडेनवमीची रायफल

भाच्याच्या हातातल्या रायफलीची नळी माझ्या छातीकडे होती आणि त्याचं बोट चापावर. बोरीवलीच्या घरात खंडेनवमीची पूजा आटोपली होती आणि तो माझ्या वडिलांची रायफल शेजाऱ्याला दाखवत होता.

"रिकामी आहे हो, काका," तो हसून शेजाऱ्याला म्हणाला.

शेजारी परवाना काढून जुन्या रायफली जमवतो. नुसता बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, पाहून ती कुठली, कधीची ते सांगतो. माणसांशी मात्र धड दोन वाक्यं बोलत नाही. तेव्हाही ओरडला नाही. तळव्याने नळी वर ढकलली आणि म्हणाला, "बोट काढ रे." मग बोल्ट मागे ओढला. काडतूस कुंकवाच्या ताटात पडलं. बाबा गेल्यापासून दर वर्षी मीच वरून हळदकुंकू लावत होते. उघडून कधी पाहिलं नव्हतं.

भाच्याने रायफल त्याच्याकडे दिली. शेजाऱ्याने चष्मा कपाळावर सरकवून बोल्टवरचा नंबर वाचला, मग नळीवरचा.

"वहिनी, बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा आहे. नंबर जुळत नाहीत."

"मेले असते मी," मी म्हणाले.

"हो," म्हणून तो दस्त्यावरचा शिक्का शोधू लागला.

त्या खोलीत आम्ही तिघं होतो. तिघंही जिवंत आहोत.