बदलीच्या रकान्यात माझं नाव

आमचं ऑफिस राजापेठेत, एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर. कंपनी शेतीपंप दुरुस्त करणारी. शेतकऱ्याचा फोन आला की कंप्युटरवर तक्रार उघडायची, तिला आम्ही तिकीट म्हणायचो, आणि तिकिटातले रकाने भरायचे: गाव, मोटरीचा प्रकार, मिस्तरी कोण. हाताने भरायचा मला भारी कंटाळा. म्हणून मी नियम लिहून ठेवले, की फोन नंबर टाकला की अर्धे रकाने आपोआप भरावेत. साहेब इतके खूश झाले की रजेचे अर्जसुद्धा त्यातच घेऊ लागले. बिघडलेल्या मोटरीचं तिकीट आणि सुट्टीवर जाणाऱ्या माणसाचं तिकीट, दोन्ही एकाच रांगेत.

रजेच्या तिकिटात ‘कारण’ असा रकाना होता. सगळे एकच कारण देतात म्हणून मी तिथे ‘घरगुती काम’ आपोआप यायची सोय केली. सगळ्यांनी ती मुकाट घेतली. अकोल्याच्या शाखेत एकटी बसणारी मुलगी तेवढी ते पुसून खरं लिहायची. ‘मायसंगं भांडन झालं, आज मूड नाही.’ ‘मावशीच्या गाईले वासरू झालं.’ मी खाली लिहायचो, कालवड का गोऱ्हा? ती उत्तर द्यायची. हळूहळू मोटरींच्या तिकिटांवरही आमच्या गप्पा सुरू झाल्या. प्रत्यक्ष भेटलो ते एकदाच, दिवाळीच्या फराळाला, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ. लिहायला मात्र मोठा शूर.

एका सकाळी तिचं रजेचं तिकीट आलं. कारण: ‘उद्या पाहुणे येऊन राहिले. मले पाहाले.’

तिकीट बंद करून पुन्हा उघडलं. ती मला आवडते हे ठाऊक होतं. फक्त घाई काय आहे, असं वाटत होतं.

आणि खाली ‘बदली’च्या, म्हणजे तिच्या जागी कोण बसणार त्या रकान्यात माझं नाव! तो नियम माझाच होता. सुट्टीवरच्या माणसाशी तिकिटांवर ज्याचं सगळ्यात जास्त बोलणं, त्याला तिथलं काम माहीत असणार, म्हणून बदलीला त्याचंच नाव आपोआप यावं. आता ते साऱ्या ऑफिसनं वाचलं.

“काहून बे,” शेजारचा म्हणाला, “मशीनले समजलं, तुले नाही समजलं?”

साहेबांनी हसू दाबलं. “जा मंग अकोल्याले.”

दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो आणि तिच्या खुर्चीत बसलो. टेबलावर तिची बडीशेपेची डबी होती. पहिलाच फोन बाळापूरच्या एका काकांचा, मोटर कालपासून बंद होती त्यांची.

“ताई नाही काय? बिमार हाय काय?”

“नाही. पाहुणे आले, तिले पाहाले.”

“असं काय! लय गुनाची पोरगी हाय. चांगलं घर मिळो तिले.”

“हो काका,” म्हणालो. फोन ठेवला आणि असा राग आला म्हणता! काकांचा, पाहुण्यांचा, त्या कधी न पाहिलेल्या नवऱ्या मुलाचा. माझा स्वतःचा तर विचारूच नका.

दुपारी तिचाच फोन आला, दबक्या आवाजात. “बाळापूरच्या काकाची मोटर झाली काय?”

“मिस्तरी गेला. पाहुणे गेले काय?”

“बसून हायेत. मी चाहा ठेवाले आत आली.”

“पोरगा कसा हाय?”

“बरा हाय. बाबाले पसंत हाय.”

“आन तुमाले?”

पलीकडून नुसता भांड्यांचा आवाज. तिनं फोन ठेवला नाही.

“त्यायले हो म्हनू नका,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“काहून?”

“तुमी मले आवडता. तिकिटावर लिहिता येत नव्हतं.”

“इतके दिवस झोपले होते काय?” तिचा आवाज रडवेला झाला. “बाबा आता शब्द देतीन न.”

“मी येऊ?”

“आता?”

“आता.”

जुन्या शहरातलं तिचं घर मोर्णा नदीच्या पलीकडे. तिनं पत्ता सांगितला, तोही इतका भरभर की मी दोनदा विचारला. मग म्हणाली, “पुलावरून पायीच या, रिक्षा अडकते. तवरोक मी चाहा सांडून ठेवतो. नवा करा लागन, तितकाच वेळ.”

मी शाखेला कुलूप लावलं. आत फोन वाजत होता, वाजू दिला.

आमच्या सासूबाई आजही येईल-जाईल त्याला सांगतात, “पोरीच्या हातून कधी थेंब सांडत नाही, पन त्या दिवशी पातेलंच्या पातेलं सांडलं. दुसऱ्यांदा ठेवलं, तेही सांडलं. म्या म्हटलं, बाई, भाजलं त नाही? त हसे, आन दरवाज्याकडं पाहे.”